लाल आणि ठिपकी

"ही लाल," असं म्हणून मास्तरांनी माझ्याकडे पाठ फिरवली. आमची ओळख झाली ती अशी.

लग्न होऊन मी नुकतीच सुरतेला आले होते. कतारगामात एका गल्लीत ओळीने खोल्या आणि समोर लूमची खाती, म्हणजे मागांचे कारखाने. दिवसरात्र खटाखट. सामान उतरवताना टेम्पोवाल्याने आईने दिलेली लोणच्याची बरणी फोडली आणि मी नवी नवरी असल्याचं विसरून भर गल्लीत त्याचा उद्धार केला. शेजारच्या दारात एक उंच, वाळका माणूस दोन पिंजऱ्यांच्या मधे स्टूल टाकून बसला होता. माझं सगळं होईपर्यंत तो टक लावून माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग आपल्या बायकोला म्हणाला, "ही लाल." बायको पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, मेला माझ्या साडीवरून बोलतोय. चांगलीच तणतणले मी घरात येऊन.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. खात्यात माग अडला की तो चालू करून देणारा, कारागिरांवर नजर ठेवणारा, त्याला सुरतेत मास्टर म्हणतात. आम्हा खानदेशी लोकांच्या तोंडी त्याचं मास्तर झालं. शिरपूरकडचे. उभा जन्म मागांत गेलेला. बोलणं म्हणजे ओरडणं, पण ते तर खात्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचंच. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली जिजी म्हणायची. मूलबाळ नव्हतं. होत्या त्या दोन मुनिया, एका पिंजऱ्यात लाल, दुसऱ्यात ठिपकी.

आणि जगातली यच्चयावत माणसं मास्तरांनी या दोन पिंजऱ्यांत वाटून टाकली होती. खात्याचा शेठ लाल. शेठचा मुनीम ठिपकी. दूधवाला लाल. आमचे हे सुरतेबाहेर सचिन गावी रंगखात्यात, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, सकाळचे गेलेले संध्याकाळी यायचे आणि भाकरीपुरतं तोंड उघडायचे, ते अर्थातच ठिपकी. टीव्हीवर कुणी भाषण द्यायला लागला की मास्तर लांबून बोट दाखवायचे, "लाल! हिवाळा सरू दे, मग बघा याचा रंग."

कुणी विचारायचा अवकाश, की मास्तर स्टूल पुढे ओढायचे. दोघी मुनियाच. एका आज्याच्या नाती म्हणा ना. दोघी चिमणीपेक्षा लहान, दोघी गवताच्या बियांवर जगतात, दाणा चोचीत फिरवून फोल बाहेर टाकतात आणि गवताचं गोल घरटं करतात. पण लाल कशी? पावसाळा आला की पेटते. अंगभर लाल, त्यावर पांढऱ्या टिकल्या, चोच कुंकवासारखी. खरं म्हणजे हा पेटणारा नर असतो, मादी मातकटच, पण मास्तर सगळ्यांनाच बायकांत काढायचे. आणि हिवाळा सरला की रंग उतरतो, कोण कुठली लाल ओळखू येत नाही. ठिपकीचं तसं नाही. पाठ तपकिरी, पोट पांढरं, त्यावर माशाचे खवले असावेत तसे ठिपके, चोच जाड, शिशाच्या रंगाची. पावसाळा असो की उन्हाळा, तीच साडी, तोच पदर.

"टिकल्या तर लालच्याही अंगावर आहेत, मग हिलाच ठिपकी का?" मी एकदा मुद्दाम विचारलं. मास्तर असे भडकले की विचारू नका. "त्या टिकल्या आहेत! हे ठिपके आहेत! डोळे आहेत की बटनं?"

"आणि मुख्य गोष्ट," ते शेवटी म्हणायचे, "लाल गाते. ठिपकी मुकी आहे. अंग ताणते, चोच उघडते, गळा हलतो आणि आवाज नाही. फुकटचा राळा खाते."

इथे आतून जिजीचा आवाज यायचा, हळू, चूल फुंकल्यासारखा, "गास ती." गाते ती. मास्तरांना त्याचं काही नसायचं. ते पुढे बोलत राहायचे.

ठिपकी त्यांच्याकडे आली त्याची गोष्ट जिजीने मला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून सांगितली होती. आता हे पक्षी पाळायला बंदी आहे. तेव्हाही नुकतीच आली होती म्हणतात, पण त्याच्या आधी रविवारच्या गुजरीत टोपल्यांतून सर्रास मिळायचे. मास्तरांना लालला जोडी आणायची होती. विकणाऱ्याने टोपली उघडली, "असल लाल छे, मास्टर, लई जाव." अस्सल लाल आहे, घेऊन जा. भलतीच लाल होती ती. मास्तर ऐटीत घेऊन आले, गल्लीला दाखवली. दुपारी त्या पाखराने पाण्याच्या वाटीत अंघोळ केली आणि वाटी गुलाबी झाली. दुसऱ्या अंघोळीला पोट पांढरं निघालं. रंगखात्याचा रंग! सुरतेत कापडाला रंगवतात तसं पाखराला रंगवून मास्तरांच्या गळ्यात बांधलं होतं. मास्तर पिंजरा उचलून परत निघाले तेव्हा जिजी पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचीच दारात आडवी उभी राहिली. "राहू द्या. तिचा काय दोष?"

तेव्हापासून लाल मास्तरांची आणि ठिपकी जिजीची.

आता भिंतीचं सांगते. आमच्या आणि त्यांच्या खोलीच्या मधे अर्ध्या विटेची भिंत होती आणि ती पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती. जिजीचा स्टोव्ह त्या भिंतीला लागून. मी भिंतीच्या अलीकडे बसून साड्यांना लेस लावायचे, दिवसभर. जिजी स्वयंपाक करताना बोलायची नवऱ्याशी, पण तोंड भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायची तिच्या पिढीला सवयच नव्हती. समोर आली तर पदर ओठांवर. खात्याची खटाखट आम्हा बायकांच्या अंगवळणी पडलेली. तिच्या खालून आम्हाला एकमेकींचं सगळं ऐकू यायचं.

"आयकं का?" ती सुरू करायची. ऐकलं का? "मुकुंदाकडचं पत्र आलंय, भाऊबीजेला बोलावलंय. जाऊ या का?" मागे काही नाही. "आयकं का? आज भरीत केलंय." काही नाही. मग ताट सरकवल्याचा आवाज आणि मास्तरांचं ओरडणं, "आज काय केलंयस?"

मला भिंत फोडून पलीकडे जावंसं वाटायचं! बाई गं, आत्ता सांगितलं ना तिने! किती वेळा मी माझ्या बाजूने लाटणं आपटलं. गल्लीतही मास्तरांचा तोच लौकिक, मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. समोर जाऊन उभं राहावं तेव्हा साहेब बोलणार. "फार घमेंड आहे," हे म्हणायचे. आणि आमचे हे कुणाला नावं ठेवणाऱ्यातले नव्हेत. मी जिजीला म्हणायचे, "तुम्ही कशा हो सहन करता?" ती म्हणायची, "खात्यातून थकून येतात. जाऊ दे."

मग भिंतीपलीकडचं बोलणं बदललं. "आयकं का? मन्हा पोटमा दुखस." पोटात दुखतंय. आधी अधूनमधून, मग रोज, चपात्या लाटताना. मागून काही नाही. मी तिला दवाखान्यात नेते म्हटलं तर ती म्हणाली, "त्यांना सांगितलंय. ते नेतील तेव्हा जाऊ." नवऱ्याला सांगून झालं म्हणजे तिच्या लेखी सगळं झालं होतं. एक दिवस ती स्टोव्हपाशीच आडवी झाली. मास्तर तिला उचलून घेऊन धावले, रिक्षात घातली, सगळं केलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने इतका उशीर का केलात म्हणून विचारलं, तेव्हा ते मला म्हणाले, "हिने सांगायचं नाही का? एका शब्दाने बोलली नाही."

तिथेच त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला. खरंच सांगते. मी तिथून उठून गेले.

जिजी गेली ती सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी. शेवटी शेवटी दवाखान्यात उताणी पडलेली असायची, मास्तर वरून तिच्या तोंडाकडे बघत बसायचे, आणि तेव्हा म्हणे ती त्यांना म्हणाली, "ठिपकीला राळा टाका. गास ती." दहाव्यानंतर त्यांनी मला हे दारात उभं राहून सांगितलं. त्यांचा आवाज तसाच, गल्लीला ऐकू जाईल असा. "मरताना माणूस खोटं बोलत नाही. आणि मी त्या पाखराला कायम मुकीच म्हणत आलो. तुला येतं का ऐकू ठिपकीचं?"

मी चिडलेलीच होते. "तुम्हीच ऐका," म्हटलं आणि आत आले.

त्यानंतर मास्तरांचं दुसरंच वेड सुरू झालं. लालकडे बघणं सोडलं. खात्यातून आले की ठिपकीच्या पिंजऱ्याला कान लावून बसायचे. तिचा गळा हलायला लागला की श्वास धरायचे. मग हताश होऊन समोरच्या खात्याला शिव्या द्यायचे. "हे माग बंद पडल्याशिवाय काही कळायचं नाही. एक दिवस बंद पडू दे. एकच दिवस." दिवाळीत खाती बंद असतात, पण तेव्हा सगळी गल्ली गावाला जाते. ते त्या दिवाळीला थांबतो म्हणाले, तर जिजीच्या भावाने, मुकुंदाने, येऊन वर्षश्राद्धाचं बोलायला म्हणून ओढून नेलं. लोक म्हणायला लागले, मास्तर बायकोच्या मागे खुळावले. मी म्हणायचे, जिवंतपणी खुळावले असते तर बरं झालं असतं.

आणि मग खाती बंद पडली.

प्लेगचं तुम्हाला मी काय सांगू. आज गल्ली भरलेली आणि उद्या कुलपं. लोक उधना स्टेशनवर गाडीच्या टपावर चढले. ज्यांना गाडी मिळाली नाही ते गाठोडी घेऊन हायवेवरच्या कामरेजपर्यंत चालत, तिथून मिळेल त्या ट्रकने. पालिकेची माणसं गटारींवर पांढरी पावडर टाकून गेली. राहिलेल्या प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना घेऊन कुठे जाणार? म्हणून आम्ही राहिलो. मास्तर राहिले ते वेगळ्या कारणाने. जिजीचा भाऊ न्यायला आला तर त्याला हाकलून दिलं.

माग थांबले तेव्हा मी पहिल्यांदा सुरत ऐकली. मला तर भीती वाटली. लांबच्या नळाची धार ऐकू येत होती, पत्र्यावर कावळ्याची नखं ऐकू येत होती. आणि मास्तरांच्या दारातून आणखी काहीतरी. लाल गात होती. ती नेहमीच गायची, पण इतकी मोकळी कधी ऐकली नव्हती, बारीक घुंगरांसारखी, वरून खाली उतरत येणारी.

मी तोंडाला रुमाल बांधून त्यांच्यासाठी परातीत भाकरी घेऊन गेले. पावडर उडू नये म्हणून त्यांनी दोन्ही पिंजरे फडक्यांनी झाकले होते. ठिपकीच्या पिंजऱ्याचं फडकं जरासं उचलून, त्या फटीला कान लावून मास्तर बसले होते. चार दिवसांची दाढी. मला बघून उठले नाहीत.

"झालं ना सगळं बंद?" त्यांनी विचारलं.

"कधीच झालं," मी म्हटलं.

"काय?"

"कधीच बंद झालं म्हटलं."

ते माझ्याकडे त्रासून बघत राहिले. "आजकाल लोक बोलतच नाहीत. नुसते बघतात. घाबरलेत सगळे." मग म्हणाले, "आणि ही लाल बघ. हीसुद्धा गप्प आहे आज सकाळपासून. पाखरांनाही कळतं."

लाल फडक्याखाली गात होती. आमच्या दोघांच्या मधे हातभर अंतरावर, जीव तोडून गात होती.

मी त्यांच्या मागे गेले आणि हाक मारली, "मास्तर." मग मोठ्याने. मग भाकरी स्टुलावर ठेवली आणि परात हातातून फरशीवर सोडली. गल्लीतलं कुत्रं केकाटत पळालं. सासूबाईंनी पलीकडून "काय झालं गं?" म्हणून विचारलं. मास्तर फटीला कान लावून तसेच बसलेले होते.

परात कडेवर घरंगळत येऊन त्यांच्या पायाला लागली तेव्हा ते वळले. खाली फरशीवर हलत असलेली परात बघितली, मग मला बघितलं. खात्यात सगळा कारभार ओठांवर आणि हातांवर चालतो. तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही, बघतात. बघता बघता ऐकायचं राहून गेलं आणि या माणसाला पत्ता लागला नव्हता. लालचीसुद्धा नुसती चोच बघत होते ते, किती वर्षं, देव जाणे. गल्लीने तोंडं झाकली तेव्हा त्यांचं ऐकणं बंद झालं.

त्यांनी मला रुमाल काढायची खूण केली. प्लेग गेला खड्ड्यात, मी रुमाल खाली ओढला.

"लाल गातेय?"

"गातेय."

त्यांनी लालच्या पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. तिची चोच बघितली. पुन्हा झाकलं. पुन्हा काढलं. मग मला ठिपकीच्या पिंजऱ्यापाशी बसवलं. "ऐक."

मी वाकले. बराच वेळ काही नव्हतं. मग ठिपकीने अंग ताणलं, गळा हलला, आणि खूप आतून, भरलेल्या घरात कुणी मनाशी पुटपुटावं तसं काहीतरी आलं. कान अजून जवळ नेला तेव्हा त्यातला सूर कळला. मी इतक्या वर्षांत प्रथमच ऐकत होते.

"गाते," मी म्हटलं. "जिजी खरं सांगत होत्या."

मला वाटलं, आता त्यांना बरं वाटेल. बरं कसलं वाटतंय? त्यांचा चेहरा उतरत उतरत गेला. ते वळून आत बघायला लागले, भिंतीला लागून असलेल्या त्या स्टोव्हकडे. जिजी गेल्यापासून तो तसाच पुसून ठेवलेला होता. मला कळलं ते काय बघतायत, आणि तिथून निघून जावंसं वाटलं.

"ती तिथे बसून बोलायची?" त्यांनी विचारलं. या वेळी ते ओरडले नाहीत. आवाज कसा लावायचा हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

मी मान हलवली.

"माझ्याशी?"

"हो."

"तुला ऐकू यायचं. भिंतीतून."

"हो."

"काय बोलायची?"

मी सांगितलं. भाऊबीजेचं सांगितलं, भरताचं, राळा संपल्याचं, समोरच्या खात्यातल्या एका कारागिराचं लग्न ठरल्याचं. एकेक आठवून, तोंड नीट उघडून सांगितलं. ते माझ्या ओठांवरून नजर काढत नव्हते. मधे एकदा हसलेसुद्धा. इतकी वर्षं मी या माणसाचा राग राग केला, आणि तो हे सगळं आज पहिल्यांदा ऐकत होता. मग त्यांनी विचारलंच.

"दुखतंय असं कधी म्हणाली का?"

मी रुमाल वर ओढला. नाक पुसायचं निमित्त केलं, आणि रुमालाच्या आत म्हटलं, "रोज म्हणायच्या हो. रोज." बोलल्याशिवाय राहवलं नाही मला. इतके दिवस ते माझ्या छातीवर बसलेलं होतं. मग रुमाल खाली घेतला, त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "नाही. कधीच म्हणाल्या नाहीत."

मास्तर माझ्या ओठांकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या रुमालाकडे बघत होते.

"तो हलला होता," ते म्हणाले.

बोलून उपयोग नव्हता. ते उठले, आत गेले आणि जिजीच्या जागेवर बसले, भिंतीकडे तोंड करून. मी माझी परात उचलली आणि घरी आले. सासूबाईंना पाणी दिलं, लेस लावायला घेतली. खाती बंद, साड्या कुणी न्यायला येणार नव्हतं, तरी घेतली.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज आला. "आयकं का?" मग थांबून पुन्हा, "आयकं का?"

मी अलीकडून म्हटलं, "हो, आयकं." मोठ्याने म्हटलं, भिंतीला तोंड लावून म्हटलं. ते पुन्हा तेच विचारत राहिले.